कलणारी गाडी

ट्रकवाल्याने चाकाजवळ गुडघे टेकले आणि नवा दांडा दोन्ही हातांनी वर दाबून धरला. खाली उताणा पडलेला मिस्तरी बोल्ट आवळत होता.

"अजून आवळ."

"अजून आवळला तर आटे जातील. लग्नाची गाठ आहे का ही?"

"तीही सैल पडते रे वयाने."

मिस्तरी हसला. ट्रकवाला हसला नाही. गाडी म्हातारी झाली होती. वळण आलं की भरली घागर कलावी तशी एका अंगावर कलायची. पोत्यांनी त्याची कधी तक्रार केली नव्हती. पण आता दर आठवड्याला हौद्यात गादी घालून बायकोला डोंगरापलीकडच्या दवाखान्यात न्यावं लागे. दुखणं कण्यात उतरलं होतं, तिला बसवत नव्हतं. सरळ रस्त्यावर ती निपचित पडून राही. वळणावर गाडी कलली की मागून कण्हणं येई, आणि ते त्याच्या बरगड्यांतून आरपार जाई.

डॉक्टरांनी हात टेकले होते. गाडीचं मात्र अजून काही करता येण्यासारखं होतं. त्याने स्प्रिंगच्या दमलेल्या पाट्यांत एक नवा पाटा घातला, शॉकॲब्सॉर्बर बदलले, झिजलेली रबरं काढली. आणि आज हा आडवा दांडा, एका बाजूला एकटीने दबू न देणारा.

"मी येतो बरोबर," हात पुसत मिस्तरी म्हणाला. "बसल्याशिवाय काम कळत नाही."

बायकोला हौद्यातल्या गादीवर निजवून ते दवाखान्याला निघाले. डोंगरातलं पहिलं वळण ट्रकवाल्याने मुद्दाम नेहमीच्याच वेगाने घेतलं. गाडी कलली नाही. जमिनीला धरून, शहाण्या लेकरासारखी वळली. मिस्तरीने मांडीवर थाप मारली.

मागून कण्हणं आलं. होतं तसंच, तेवढंच.

"अहो," केबिनच्या मागच्या झडपेतून तिचा आवाज आला, "अजून कलते हो जराशी. पण पुष्कळ कमी झालंय."

"वहिनी, कलणं शक्यच—"

ट्रकवाल्याचा हात मिस्तरीच्या गुडघ्यावर पडला आणि तिथेच राहिला.

रस्ता सरळ झाला. त्याने क्षणभर मान वळवून झडपेतून पाहिलं. डोळे घट्ट मिटलेले, कपाळ घामाने डवरलेलं, आणि चादरीचा कोपरा दातांत. आवाज नाही. असे किती सरळ रस्ते तिने दातांखाली धरले होते, एखादं वळण येईल आणि आळ गाडीवर जाईल म्हणून. त्याने पुन्हा समोर पाहिलं. काच स्वच्छ होती, तरी त्याने ती बाहीने पुसली.

मिस्तरीनेही पाहिलं होतं. तो खाकरला.

"माझंच चुकलं, वहिनी. एक बोल्ट ढिला राहिलाय. परतलो की बघतो."

"बघा भावजी. नाहीतर ह्यांना चैन पडायची नाही."

डोंगर मागे पडला. पुढे दवाखान्यापर्यंत रस्ता सुतासारखा सरळ होता. ट्रकवाल्याने वेग कमी केला, स्टिअरिंग जरासुद्धा न हलवता झडपेकडे तोंड केलं.

"मोठं वळण आलंय गं," तो म्हणाला. "लांबलचक आहे."

मिस्तरी खिडकीबाहेर बघू लागला. मागे तिने दातांतला चादरीचा कोपरा सोडला. मग ती कण्हू लागली, आधी दबत, मग मोकळेपणी. आणि गाडी सरळच जात राहिली.