बुवा उतरतात ते घर

दत्तप्रसादांनी पोहरा वर ओढला, ओंजळीत पाणी घेतलं, आधी दोन थेंब तुळशीकडे उडवले आणि मग चव घेतली. समुद्र सुरूच्या झाडांपलीकडे, हाकेच्या अंतरावर. तरी पाणी गोड. त्यांनी दुसरी ओंजळ भरली.

"काय मास्तर, तीर्थ घेतात काय पाणी बघतात?" गंगाराम विहिरीच्या कठड्याला टेकून हसला.

गंगाराम इथला, मिठबावचा जुना पोस्टमन. दत्तप्रसाद वैभववाडीला पोस्टमास्तर होते तेव्हापासूनची ओळख. आता दोघेही निवृत्त. घराच्या मालकीण काशीबाईंना गुडघ्यांमुळे कसालला लेकीकडे जायचंय, घर विकायला निघालंय, हे त्यानंच फोनवर कळवलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी, मागे सहा माड. कागद स्वच्छ. पुण्याची मुलं-नातवंडं मे महिन्यात उतरली की वैभववाडीचा फ्लॅट पुरत नाही, आणि समुद्र तर त्यांना हवाच. किंमत मात्र अशी, की दत्तप्रसादांनी विचारलं होतं, "गंगाराम, एक शून्य इसारलंस नाय मां?"

"आता खरा सांग," त्यांनी पोहरा खाली ठेवला. "इतक्या स्वस्तात कित्याक? भावकीचा भांडण? काय राखणदाराचा, भुताखेताचा काय आसा?"

"तसला काय एक नाय." गंगारामनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "पाडव्यापासून रामनवमीपर्यंत देवळात कीर्तन. बुवा ह्याच घरात उतरतत. बाहेरच्या खोलयेत. काशीकाकीच्या सासऱ्याच्या वेळेपासून. जो कोण घर घेतलो त्येणी ता पुढे चालवचा, ही काकीची अट. दोन गिऱ्हायका परत गेली. एकाक नेमको तेव्हाच घर भाड्यान देवचा होता. आता जेवणाचा कसा, तर..."

"जेवणाचा माका नको सांगू! तीस वर्सा बुवा माझ्याच घरात उतरतत."

सांगता सांगता त्यांचा चेहरा फुलला होता. नऊ दिवस बुवा आपल्या छपराखाली! संध्याकाळी पूर्वरंग, उत्तररंग, आणि सकाळी पडवीत चहा घेता घेता काल राहिलेली शंका विचारायची. देवानंच हे घर त्यांच्यासाठी इतके दिवस राखून ठेवलं असणार. झांज वाजल्यासारखं काहीतरी त्यांच्या छातीत वाजून गेलं.

आणि मग ते हळूहळू थांबलं.

वैभववाडीच्या दत्तजयंतीला, देवळाच्या पायरीवरच ते बुवांची पिशवी उचलायचे. "आमच्याकडेच उतरायचं, बुवा." तीस वर्षं. बायको शर्मिला कधी नाही म्हणाली नव्हती. गेल्या वर्षी कीर्तनाहून परतल्यावर, डोळे अजून ओले असताना, त्यांनी तिला विचारलं, "आख्यान कसा झाला गो?" ती तवा घासत होती. "माका काय म्हायत? मी भाकऱ्यो भाजी होतंय. आरतीची घंटा तेवढी आयकली." रागानं नाही, साधंच बोलली होती. तेच त्यांना जास्त लागलं होतं.

आज सकाळी येताना, वाटेत मोहरलेल्या कलमांकडे बघत ती म्हणाली होती, "एक घर असा होया, जंय कोण चाय मागूक पण येवचो नाय." आणि स्वतःच हसली होती.

दत्तप्रसादांनी धोतराला हात पुसले. "चल," ते गंगारामला म्हणाले, "काकीक सांगून येवया."

स्वयंपाकघरात दोघी जमिनीवर बसल्या होत्या. काशीबाईंनी पाय लांब केले होते. शर्मिलाच्या हातात पाण्याचा पेला. दोघी कशाला तरी हसत होत्या, त्यांना बघून गप्प झाल्या.

"काकी, घर चांगला आसा," दत्तप्रसाद उंबऱ्यातूनच म्हणाले. "पण आमका जमाचा नाय."

शर्मिलानं मान वर केली. "कित्याक?"

"पाणी... पाणी वायच खारट लागता."

"खारट?" तिनं पेल्याकडे पाहिलं. "ह्या माझा तिसरा पेला. तुमच्या जिभेक काय झाला?"

गंगाराम दाराबाहेर खोकला. दत्तप्रसादांनी एकदा देव्हाऱ्याकडे पाहिलं. देवासमोर किती वेळ खोटं बोलणार!

"बुवा उतरतत हंय," ते पुटपुटले. "नऊ दिवस. सुट्टी म्हणान घर घेवचा आणि तुका परत चुलीपुढे बसवचा? माका नको तसला घर."

मग काशीबाई हसायला लागल्या, हसता हसता त्यांनी गुडघा दाबला.

"मास्तरांनू, ह्या घरात नऊ दिवस चूल पेटत नाय. गंगारामान सांगूक नाय?"

"सांगी होतंय," गंगाराम बाहेरून म्हणाला. "आयकतलो कोण?"

"माझी सासू," काशीबाई सांगू लागल्या, "वर्सानुवर्सा बुवांका रांधून घाली. एका वर्सी पुऱ्यो लाटता लाटता उठली नि पिठाच्या हातांनी देवळात जावन बुवांच्या समोर बसली. सासरो लालबुंद. बुवांनी टाळ थांबवले. म्हणाले, 'माय, इतकी वर्षं मी तुझ्या हातचं खातोय. आज तू माझं ऐक.' तेव्हापासून वाडीन ठरवल्यान, बुवा ज्या घरात, त्या घराची चूल बंद. पाडव्याक सकाळी बायका येतत, चुलीवर रांगोळी काढतत. आता गॅस इलो, तर गॅसाक हळदकुंकू लावतत नि कॉक बंद करतत. रोज एका घरचा जेवाण येता. बुवांका नि घरच्या सगळ्यांका. आमी माणसा किती ता फक्त सांगूचा."

"आणि पोरा-नातवंडा असली तर?" शर्मिलानं विचारलं.

"तर पंधरा म्हणान सांगूचा. पंधरा ताटा येतत." काशीबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. "पन्नास वर्सा एक आख्यान चुकवलंय नाय मी. घर इकूक दुख नाय गो बाय. पण हंय येतली त्या बाईन चुलीपुढे बसान कीर्तन आयकाचा नाय. म्हणान ती अट."

शर्मिलानं एकदा चुलीकडे पाहिलं. मग पेला पालथा घालून ती उठली.

"देऊळ खंय आसा?"

देऊळ चार घरं सोडून होतं. सभामंडप नुकताच सारवलेला, गार, रिकामा. दत्तप्रसाद रामाला नमस्कार करून वळले, तर शर्मिला मंडपाच्या मधोमध, अगदी पुढे, मांडी घालून बसलेली. पिशवी मांडीवर, पदर सावरलेला.

"बुवा खंय उभे रवतत?"

ते जाऊन उभे राहिले.

"वायच उजवीकडे सरका. खांब आड येता." ते सरकले. "हां. हंयसून दिसतत." तिनं तळहातानं समोरची जमीन चाचपली, जागा ओळखून ठेवावी तशी. "पाडवो कधी आसा औंदा?"

"आजपासून सत्तावीस दिवसांनी," दत्तप्रसाद म्हणाले.

बाहेरून गंगारामनं हाक मारली. काकी चहा घेऊन थांबल्यात म्हणून. शर्मिला हलली नाही.

"येतंव म्हणान सांगा तेका. आणि तुमी कित्याक गप? गेल्या वर्सी आख्यान खयचा झाला ता सांगा बघूया."

"सुदाम्याचा."

"मगे सांगा."

दत्तप्रसादांनी नकळत हात जोडले. हे आख्यान त्यांनी डझनभर बुवांच्या तोंडून ऐकलं होतं, आणि दर वेळी ते सुदाम्यापासून सुरू व्हायचं. त्यांनी समोर एकट्याच बसलेल्या श्रोत्याकडे पाहिलं.

"सुदाम्याची बायको होती," त्यांनी सुरुवात केली. "ती त्या दिवशी घरात पोहे बांधी होती..."