मापात बसलेली काडतुसं

लेलँडने वेग मोजायच्या यंत्राकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. पहिली गोळी सेकंदाला सत्तावीसशे दहा फूट. दुसरी सत्तावीसशे सहा. तिसरी एकदम सत्तावीसशे नव्वद. मॉन्टानातल्या या कुरणावर तो चाळीस वर्षं स्वतः भरलेली काडतुसं उडवत आला होता. असला तमाशा त्याने कधी पाहिला नव्हता.

"बाबा, यंत्र बिघडलंय का?" रायफलमागे पालथी पडलेल्या कोरीनने विचारलं.

"यंत्राला काय धाड भरलीय? तू पुढची मार."

चौथी सत्तावीसशे आठ. पाचवी पुन्हा नव्वदच्या घरात.

अकरा वर्षं अर्ज करकरून लेकीला यंदा सोडतीत एल्क हरणाच्या शिकारीचा परवाना लागला होता. शनिवारी हंगाम सुरू, आज गुरुवार. आकडे जुळले नाहीत तर दुकानातली काडतुसं घेईन, असं तिने सकाळीच सांगून टाकलं होतं. ते लेलँडला फार झोंबलं होतं. पोरीने दुकानातली काडतुसं घेतली, म्हणजे बापाला मोडीत काढल्यातच जमा.

घरी येऊन त्याने उरलेली काडतुसं गॅरेजमधल्या टेबलावर मांडली आणि व्हर्नियरने एकेकाची लांबी मोजली. बुडापासून टोकापर्यंत सगळी तंतोतंत सारखी. दोन पुंगळ्या उघडून दारू तोलली. तीही सारखी. आता बोला.

"सगळं मापात आहे," तो म्हणाला. "मंगळवारी चारपाच जरा लांब भरली होती, तीसुद्धा मी पुन्हा दाबून मापात बसवली."

कोरीन थांबली. "लांब का भरली?"

"भरतात कधीकधी."

"तुझ्याकडून? कधीपासून?"

कोरीनने दोन्ही पुंगळ्यांतल्या गोळ्या तळहातावर शेजारीशेजारी ठेवल्या. वजन एकच, पण एक गोळी अंमळ लांब आणि टोकाला निमुळती होती. लेलँडने त्या हातात घेऊन उलटसुलट केल्या. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. लांब गोळी त्याने बाहेरच्या मापात बसवण्यासाठी दाबली, म्हणजे ती पुंगळीत जास्त खोल गेली. आत जागा कमी झाली, दाब वाढला, वेग वाढला. कोरीन बारा वर्षांची असताना त्यानेच तिला हे शिकवलं होतं.

पण दोन जातींच्या गोळ्या एका डबीत आल्या कशा? टेबलावर एका वेळी एकच डबी, हा त्याचा नियम होता. त्याने मंगळवार आठवून पाहिला. कॉफी आठवली, रेडिओवरचे गव्हाचे भाव आठवले. पुढचं काही केल्या आठवेना, आणि त्याला भीती वाटली.

"मीच ओतल्या," कोरीन म्हणाली. "मागे आले होते ना, तेव्हा. टेबल आवरताना."

डबीचं झाकण तिने हातात धरलं होतं, अंगठा त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर. पण तिने ती झाकायच्या आत लेलँडने वाचली होती. 'उरलेल्या यातच ओतल्या. मंगळवार.' अक्षर त्याचंच होतं.

"अक्कल गहाण टाकली होतीस काय?" तो कडाडला. "किती वेळा सांगितलं, एका वेळी एकच डबी! कुणाच्या तोंडाशी स्फोट झाला असता म्हणजे?"

"चुकलं, बाबा."

तो बराच वेळ बोलत राहिला आणि ती खाली मान घालून ऐकत राहिली. मग त्याने आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"शनिवारची तूच भर. दुकानात जाऊ नकोस. मी नुसत्या गोळ्या देतो."

कोरीन स्टुलावर बसली. त्याने नव्या डबीतली पहिली गोळी उचलली, खिडकीच्या उजेडात धरून निरखली आणि तिच्यापुढे केली.

"हीच ना, कोरी?"

"हो, बाबा. हीच."

दुसऱ्या गोळीलाही त्याने तेच विचारलं.