झरोक्यातला बोळा

न्हाणीघरातलं गाणं थांबलं. पाणी मात्र पडतच राहिलं.

बर्नरबाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं मुलांना बर्नर लावून दिले, तेव्हा पडलेलं हे नाव निवृत्तीनंतरही सुटलं नव्हतं. सुट्टीवर निघतानाच सुनेनं बजावलं होतं, की तिथे कुणाच्या चुका काढत बसायचं नाही. बाईंनीही कानाला खडा लावला होता.

मुलगा नातीला घेऊन तळ्यावर गेला होता. हंगाम संपलेला, जंगलातल्या त्या रिसॉर्टवर दुसरं चिटपाखरू नव्हतं. व्यवस्थापकाची कचेरी टेकडीच्या पायथ्याशी. फोनला रेंज नाही.

"अगं, झालं का?"

नुसतं पाणी.

सून बेसूर गायची, पण अखंड. हे गाणं ऐकून पाण्यालाही कंटाळा येईल, असं बाई मघाशीच दाराबाहेरून म्हणाल्या होत्या. रुसली असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. सुई पुन्हा उचलली, आणि बोटांवरची काळी शाई दिसली. वर्तमानपत्राची.

सकाळी न्हाणीघरातला गॅसचा गीझर पेटवताना वाऱ्यानं ज्योत थरथरली होती. बर्नर पेटवण्याआधी खिडक्या लावायच्या, ही त्यांची जन्माची सवय. मागच्या चढावर जाऊन त्यांनी न्हाणीघराच्या झरोक्यात कागदाचा बोळा घट्ट कोंबला होता. पण प्रयोगशाळा केवढी, आणि हे न्हाणीघर कपाटाएवढं. हवा कमी पडली की निळी ज्योत पिवळी होते, आणि ज्याला वास नाही असा विषारी वायू साठतो. दरवर्षी नव्या मुलांना त्याच हे सांगत.

दुखऱ्या गुडघ्यांचं भान त्यांना राहिलं नाही. मागे जाऊन आधी सिलिंडर बंद केला, मग बोळा उपसला. झरोक्यातून फरशीवरचा हात दिसला. बोटं हलत नव्हती.

दाराची कडी तिसऱ्या धक्क्याला निखळली. ओल्या अंगाची सून त्यांनी काखेत हात घालून ओसरीवर ओढत आणली. श्वास चालू होता, पण उथळ.

"ऊठ गं. माझ्यावर राग धर, पण ऊठ."

कितीतरी वेळानं ती ओकली, मग कण्हली.

संध्याकाळी, व्यवस्थापकाच्या गाडीतून गाठलेल्या दवाखान्यात, धोका टळल्यावर तो मुलाला सांगत होता, की आजी होत्या म्हणून निभावलं. बाईंनी मूठ उघडली. त्यात तो बोळा होता.

"हा मीच घातला होता," त्या म्हणाल्या.

मुलगा खिडकीबाहेर पाहू लागला. खाटेवरच्या सुनेनं डोळे मिटून घेतले.

घरी परतल्यावर आठ दिवस न्हाणीघर मुकं होतं. नवव्या दिवशी गाणं आलं, तसंच बेसूर. बाई स्वयंपाकघरातून उठून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. कडवं संपलं. त्यांचा हात आपसूक दारावर गेला.

दार नुसतं लोटलेलं होतं. कडी लावलेलीच नव्हती.

आत दुसरं कडवं सुरू झालं.