आधी फोन, मग पाणी बंद

रुसे शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत बिल्याना सात महिने एकच काम करत होती. नव्या सॉफ्टवेअरनं काय काय करायचं, ते माणसांना विचारून कलमवार लिहून काढायचं. त्यावर दोन सह्या हव्या होत्या. एक संचालक त्सांकोव्हची, दुसरी शहराचं पाणी सोडणाऱ्या, तोडणाऱ्या नेद्यल्कामावशीची. त्याशिवाय तिची सॉफ्टवेअर कंपनी तिला मोकळं करणार नव्हती, आणि व्हिएन्नातली नवी नोकरी एक तारखेपर्यंतच थांबणार होती.

घोडं अडलं सत्तेचाळिसाव्या कलमापाशी. दुरुस्तीसाठी पाणी तोडायच्या आधी मावशी आपल्या वहीतल्या अकरा घरांना फोन करायची. त्या घरांत नळाच्या पाण्यावर चालणारं डायलिसिसचं यंत्र होतं. वही ठेवायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. आता सॉफ्टवेअरनंही आधी त्या घरांना कळवावं, असं ते कलम होतं.

"काढा ते कलम," त्सांकोव्ह म्हणाला. "लोकांच्या आजारांची यादी आम्ही बाळगतो, असं लिहून देऊ? चौकशी लागली की माझ्याच गळ्यात."

"पण साहेब, सॉफ्टवेअर न विचारता पाणी तोडेल."

"मावशी आहे ना!"

"त्या मार्चमध्ये निवृत्त होतायत."

"बाई, तुम्हाला सही हवीय की वाद?"

एकोणतीस तारखेला तिनं कलम काढलं. त्सांकोव्हनं उभ्याउभ्याच सही ठोकली. कागद घेऊन ती तळघरात उतरली. मावशीनं बानित्साचा, चीज भरलेल्या खाऱ्या पेस्ट्रीचा, तुकडा तिच्यापुढे सरकवला, चष्मा चाचपला. सापडला नाही.

"मरू दे. माझी अकरा घरं घातलीस ना गं?"

नुसतं 'हो' म्हटलं की सुटका होती. मावशीनं पेन टेकवलंसुद्धा.

"नाही, मावशी." बिल्यानानं कागद ओढून घेतला. "मीच काढलं. आज सकाळी."

मावशीनं पेन खाली ठेवलं. "आणि आता?"

"परत घालते."

"मग तुझी व्हिएन्ना?"

बिल्यानानं ते पेन उचललं आणि त्सांकोव्हच्या सहीवर काट मारली.

एक तारीख उलटली. नोकरी दुसऱ्या कुणाला तरी गेली. त्सांकोव्ह रोज म्हणायचा, "त्या घरांची लेखी संमती आणा, मग बघू." म्हणून कचेरी सुटली की दोघी दारोदार जाऊ लागल्या. चार घरांनी लिहून दिलं. पाचव्या दारापाशी दोघी उभ्या राहिल्या. आत कुणीतरी चालल्याचा आवाज येत होता, पण दार कुणी उघडलं नाही.

"उद्या परत येऊ," मावशी म्हणाली.