धरलेली पात

“यमराज आला तं त्यालेही म्हनशीन, उद्या ये. मी डोंगरसिंग मुकादमाले हो म्हनून टाकलं. पंधरा दिवसांनं सोमवारी त्याची गाडी मिरची तोडाले तेलंगणात चालली. तू बी जाय.”

“त्याच सोमवारी गणिताचा पेपर हाय, आई.”

“दोनदा देल्ला ना? काय दिवे लावले?” मथुराबाईनं डोक्याले फडकं गुंडाळलं.

अतुल खाटेवर उठून बसला. राग नाकावर. दहावीच्या गणितात तो दोनदा लटकला, शाळा सुटली. भिंतीवर स्केचपेननं रंगवलेलं तिसरं टाइमटेबल होतं अन् गणिताचं पुस्तक खाटेखाली.

“दादाच्या टाइमटेबलचाच पेपर असता ना,” लहानी मैत्रेयी म्हणाली, “तं बोर्डात आला असता.”

“तू चूप बस.”

“दोघंही चूप बसा. वावरात एक हात कमी हाय. चाल,” आई म्हणाली.

मुकुटबनच्या रस्त्याले लागून एका वावरात कापसाची शेवटची वेचणी चालू होती. ज्याच्या वाट्याले जी ओळ आली ती त्याची पात. धरली का पार धुऱ्यापर्यंत, वावराच्या बांधापर्यंत न्यायची, मधात सोडायची नाही. अतुलनं पात धरली, चार झाडं वेचली अन् मान वर केली. धुरा लय दूर. जीवच उडाला. मंग मोठी मोठी पांढरी बोंडं पाहून तो या ओळीतून त्या ओळीत उड्या माराले लागला. कमरेले बांधलेली कापसाची ओटी झटक्यात भरली. वाटलं, आपुन सगळ्यायच्या पुढं.

वळून पाह्यलं तं आई त्याच्या पातीत. आपली सोडून. त्यानं टाकलेल्या अर्धवट, किडक्या बोंडांतला कापूस भर उनात वाकून कोरून काढत होती. बाकीच्या बाया आपापल्या पातीत पुढं सरकत होत्या. कोनी टोकलं असतं तं त्याले भांडता तरी आलं असतं.

“कायले करून राह्यली तू?”

“कोनं तरी करा लागते.”

“सरक. मी करतो.”

“मंग धुरा नको पाहू. समोरचं झाड पाय.”

पात संपली तवा बाकीच्या केव्हाच्या धुऱ्यावर बसल्या होत्या.

घरी येऊन त्यानं पुस्तक काढलं. आजपर्यंत तो सोपी सोपी गणितं करे, बाकीची उद्यावर टाके. इथंही उड्याच. भिंतीवरचं टाइमटेबल उपटलं, उलटं केलं अन् कोऱ्या बाजूवर पहिल्या धड्याचं पहिलं गणित घेतलं. तीनदा चुकलं. मैत्रेयीनं वजाचं चिन्ह कुठं सुटलं ते बोटानं दाखवलं. टोमणा नाही मारला. त्या दिवशी दोनच गणितं झाली, पण मधातलं एकही सुटलं नाही. दुसऱ्या दिवशी वेचून आल्यावर तिसऱ्यापासून.

त्या सोमवारी सकाळी चौकात मुकादमाची गाडी हॉर्न मारत होती. आईनं त्याचं गाठोडं बांधून ठेवलं होतं.

“सारं झालं काय तुयं?”

“नाही. शेवटचे दोन धडे राह्यले.”

“मंग पास होशीन?”

“माहीत नाही.”

डोंगरसिंग दारात आला. “चाल बाबू, जागा धरून ठेवली. मागून भेटनार नाही.”

अतुलनं आईकडं पाह्यलं. गाठोडं तिच्या हातात तसंच होतं. तिनं ते खाली ठेवलं नाही, पुढंही केलं नाही.

“काका, माही जागा कोनाले देऊन टाका,” तो म्हणाला. “मले जा लागते आता. परीक्षेच्या सेंटरकडची बस लागली.”