पाचपैकी पाच

मंगळवारी सकाळी तो फॉर्म मोबाइलवर आला. राजरत्न भालेरावला पहिला संशय आला तो त्यावरच्या फुलाचा. ‘उल्हासतीर’ दैनिकाच्या ठाण्याच्या मुख्य कचेरीतून एकवीस वर्षांत त्याला मेमो आले होते, खुलासा मागणारी पत्रं आली होती, दिवाळी अंकाच्या जाहिरातींचं टार्गेट आलं होतं. फूल कधी आलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, ‘तुम्ही तुमच्या कामात किती समाधानी आहात? मन मोकळं करा. नाव विचारलेलं नाही. उत्तरं गोपनीय राहतील.’

गोपनीय म्हणजे काय ते राजरत्नला कोणी शिकवायला नको होतं. जो माणूस कानाशी येऊन ‘हे आपल्यातच राहू दे’ म्हणतो, तो आधीच तिघांना सांगून आलेला असतो.

कल्याणचं कार्यालय म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि तीन माणसं. राजरत्न, डोंबिवली बघणारी दर्शना भोईर, आणि मोबाइलवर रील काढणारा सुमित. तिघं खाली चहाला उभे राहिले.

“वय विचारलंय, शहर विचारलंय, नोकरीची वर्षं विचारलीत,” दर्शना म्हणाली. “कल्याणात वीस वर्षांच्या वर कोण आहे, दादा? तुम्ही एकटेच. मग नाव घेऊन काय करणार ते?”

“चपलेचा नंबर तेवढा राहिला,” सुमित म्हणाला. “पण तुला कसलं टेन्शन गं? बाळकुमला तुमच्या जमिनीवर टॉवर उभाय. तू शौक म्हणून नोकरी करतेस.”

“टॉवर काकाचा आहे. माझ्या बापाच्या वाट्याला पार्किंग आलं. आणि शौकच करायचा असता ना, तर तुझं तोंड बघत इथे उभी राहिले नसते.”

हसले तिघंही, पण एकमेकांकडे बघून नाही. ठाणे आणि कल्याण एक करणार, कल्याणात एकच बातमीदार ठेवणार, ही बातमी आठ दिवस फिरत होती. कोणी फिरवली ते माहीत नव्हतं. दर्शनाला वाटत होतं राजरत्नने, राजरत्नला वाटत होतं सुमितने.

“सगळीकडे पाच,” राजरत्नने ठरवून टाकलं. “पाचपैकी पाच. नाराज आहे म्हणून लिहिणारा पहिला जाणार.”

“शप्पथ?” दर्शनाने विचारलं.

“शप्पथ.” आणि तिघांच्याही मनात एकच आलं, की हे दोघं नक्की काहीतरी वेगळं लिहिणार.

राजरत्नने फॉर्म भरला तो दुपारी, महापालिकेच्या बाहेर मोटरसायकलवर बसून. ‘कामाचा ताण तुम्ही सहज पेलता का?’ पूर्वी दिवसाला दोन बातम्या दिल्या की माणूस सुटायचा. आता तीच बातमी आधी वेबसाइटला, मग मोबाइलसमोर उभं राहून, मग रीलसाठी वीस सेकंदांत, आणि उरलं तर छापायला. झोपेत दात इतके आवळले जायचे की सकाळी पोळी चावताना जबडा दुखायचा. पाच. ‘सुट्टीच्या दिवशी कुटुंबाला वेळ देता का?’ कुठल्या सुट्टीबद्दल विचारतायत ते त्याला कळलं नाही. पाच. ‘तुमच्या मेहनतीच्या बातमीला योग्य जागा मिळते का?’

इथे अंगठा थांबला. दोन महिन्यांपूर्वी शहाडला उल्हास नदीच्या पूररेषेत एक बिल्डर मातीचा भराव टाकत होता. राजरत्न तीन आठवडे त्या डंपरांच्या मागे हिंडलेला. फोटो, नकाशे, डंपरांचे नंबर, सगळं गोळा केलेलं. फुटू नये म्हणून दर्शनालाही सांगितलं नव्हतं. बातमी थेट संपादकांच्या, साईनाथ प्रधानांच्या हातात दिली. “वकिलांना दाखवतो,” ते म्हणाले. पुढच्या रविवारी त्याच बिल्डरची पानभर जाहिरात आली आणि वकिलांचं काही आलं नाही.

अंगठ्याला शरम नसते. त्याने तिथेही पाच दाबलं.

आठ दिवसांनी ठाण्याहून फोन आला. प्रधान साहेबांनी बोलावलंय, एकट्याला.

साईनाथ प्रधान आणि राजरत्न एकाच वर्षी नोकरीला लागलेले. एकाच सिगरेटचे दोन भाग करणारे. मग साईनाथला केबिन मिळाली आणि राजरत्न त्याला ‘साहेब’ म्हणायला लागला. त्याने कधी ‘नको रे’ म्हटलं नाही. आज मात्र त्याने स्वतः उठून दार लावलं. ते दार लावणं राजरत्नला आवडलं नाही.

“त्रेसष्ट फॉर्म आले,” साईनाथ म्हणाला. “बासष्ट जण खुश. वरचे म्हणतायत, एवढी खुश माणसं आहेत तर अजून काम द्या, माणसं कमी करा. पण एक फॉर्म...” त्याने टेबलावरून कागद सरकवला. “हा घे. वाच.”

राजरत्नने वाचलं. वय पंचेचाळीस ते पन्नास. कल्याण. नोकरीची वर्षं वीसच्या वर. सगळीकडे एक, एक, एक. आणि खाली मोकळ्या जागेत लिहिलेलं: ‘शहाडच्या पूररेषेतल्या भरावाची बातमी आमच्याकडे होती. खरी होती. जाहिरातीसाठी मारली. उद्या त्या इमारतींत पाणी शिरलं तर ते आमच्याही हातून शिरलेलं असेल. छातीत दुखलं म्हणून हॉस्पिटलात पडलो होतो, तिथेही माझ्याकडून फोनवर पानं लावून घेतली. मला हे काम आवडायचं.’

त्याच्या कानशिलांवर ऊन आल्यासारखं झालं. “मी नाही लिहिलं हे.”

“मी कुठे म्हणालो तू लिहिलंस?” साईनाथ कागदाकडेच बघत होता. “पण मॅनेजमेंट तेच म्हणणार ना. वय तुझं, गाव तुझं, बातमी तुझी. मी तुझ्यासाठी मध्यममार्ग काढलाय.” दुसरा कागद आला. टाइप केलेला. ‘रागाच्या भरात लिहिले, दिलगीर आहे.’ खाली सहीची जागा. “सही कर. कल्याणची एक जागा राहणार आहे, ती तुझी. मी बोललोय.”

राजरत्नने पेन उचललं. घरी दोन मुलं, शहाडच्या खोलीचा हप्ता, छेचाळीस वय. या वयात नवी नोकरी म्हणजे सुमितच्या हाताखाली रील. पेन कागदाला टेकलंसुद्धा. आणि मग त्याचं डोकं, जे गेली दोन वर्षं फक्त व्ह्यूज मोजत होतं, ते जुन्या सवयीने चालायला लागलं. भरावाची बातमी दोघांनाच माहीत होती. त्याने लिहिलं नाही. उरला कोण? आणि ‘पानं लावून घेतली’. बातमीदाराकडून कोणी पानं लावून घेत नाही, ते संपादकाचं काम.

“साहेब, फेब्रुवारीत तुम्ही चार दिवस लग्नाला गेलेलात ना गावी?”

“हं.”

“कोणाचं लग्न होतं?”

साईनाथने चष्मा काढला. पुसला. परत घातला.

“हॉस्पिटल कुठलं?” राजरत्नने विचारलं.

 साईनाथ अगदी हळू म्हणाला, “बायकोलाही गॅस म्हणूनच सांगितलंय. कुणाला तरी सांगायचं होतं रे. फुकटचा फॉर्म दिसला, सांगून टाकलं.”

“मग स्वतःचं वय टाकायचं, स्वतःचं गाव टाकायचं!”

“वय आपलं एकच आहे,” साईनाथ म्हणाला. आणि हे म्हणताना तो कसनुसा हसला, त्या हसण्याची राजरत्नला किळस आली.

“म्हणजे दुखणं तुझं आणि फासावर मी. भडव्या, एवढं खरं लिहायची अक्कल होती तर बातमी छापायची होतीस.”

एकवीस वर्षांत पहिल्यांदा तो साहेबाला असं बोलला. माफीचा कागद तिथेच टाकून तो तडक समोरच्या केबिनमध्ये शिरला. तिथे मनुष्यबळ विभागाची कृतिका बसायची. तिशीची, गोड बोलणारी, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवणारी.

“या ना सर. पाणी?”

“तो नाराजीचा फॉर्म,” राजरत्न म्हणाला, “त्याबद्दल बोलायचंय.”

“बोला ना. कोणाचा आहे?”

नाव ओठांवर होतं. साईनाथ प्रधान. एवढं म्हणायचं, हॉस्पिटलचं सांगायचं, आणि कल्याणची जागा घेऊन घरी जायचं. पण हिने विचारलं किती सहज! तिच्या चेहऱ्यावर कुतूहल नव्हतं. उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न विचारताना तोही नेमका असाच चेहरा करायचा.

“माझा आहे,” तो म्हणाला.

कृतिका गोड हसली. स्क्रीन त्याच्याकडे वळवली. “सर, तुमचा फॉर्म हा. चौदाच्या चौदा पाच. प्रत्येकाला वेगळी लिंक होती, तुम्हाला कल्पना असेलच. तो कोणाचा आहे ते आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. प्रधान सर गेली दोन वर्षं पुरेसे... उत्साही नाहीयेत. तुम्ही त्यांचे जुने मित्र. तुमच्याकडून लेखी आलं असतं की ते अस्वस्थ असतात, तब्येत ठीक नसते, तर आम्हाला सोपं गेलं असतं. तुम्हालाही. कल्याणचं अजून फायनल झालेलं नाही.”

म्हणजे तिकडे साईनाथ राजरत्नसाठी कागद टाइप करून बसला होता आणि इकडे ही साईनाथसाठी. मालक वर बसून बघणार, दोघांतला कोण आधी सही करतो.

स्क्रीनवर त्याचे पाच एकाखाली एक उभे होते. साईनाथचा खरेपणा भेकड होता, पण खरा होता. राजरत्नचे पाच भेकडही होते आणि खोटेही.

“हा बदलता येईल?” राजरत्नने स्वतःच्या फॉर्मवर बोट ठेवलं.

“नाही सर, सिस्टिम बंद झाली.”

“कागद द्या मग.”

कृतिकाला वाटलं, काम झालं. तिने प्रिंटरमधून एक कोरा कागद काढून दिला, पेनही दिलं. राजरत्नने वर ठसठशीत लिहिलं: राजरत्न भालेराव, बातमीदार, कल्याण. त्याखाली, पाचपैकी शून्य. आणि त्याखाली शहाडचा भराव, डंपरांच्या नंबरांसकट, तारखांसकट. ते सगळं त्याला तोंडपाठ होतं. बातमी कोणी मारली ते लिहिताना त्याने साईनाथचं नाव लिहिलं, आणि त्याच्याआधी जाहिरात घेणाऱ्या मालकांचं. हॉस्पिटलबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. ते छातीवाल्याने स्वतः बघावं.

कृतिका उलटं वाचत होती. तिचं हसू आता नुसतं दातांवर राहिलं होतं.

“सर, हे असं फाइलला नाही लावता येणार. याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना? ती जागा...”

“कळतोय,” राजरत्न म्हणाला. त्याने लिहिलेल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला, कागद उलटा केला, पाठचीही बाजू भरत आली होती. “अजून दोन कागद द्या.”