कारल्याचे पाणी

कारल्याच्या पानाला एक वास असतो. हिरवा, उग्र, थोडा तुरट, एकदा हाताला लागला की साबणालाही दाद न देणारा. तळेगावच्या आमच्या संशोधन केंद्रात तो वास भागूमावशींच्या हातांना कायमचा वस्तीला आला होता. मोशीहून दोन बस बदलून, चाकणच्या मालट्रकांच्या रांगेत अडकत-सुटत त्या आठाच्या ठोक्याला फाटकाशी उतरत. पदर कमरेला खोचून, कपाळावरचा घाम मनगटाने टिपून शेडनेटमध्ये शिरत, आणि जाळीतून गाळून येणाऱ्या त्या उजेडात त्यांचा सावळा चेहरा क्षणभर पानांच्याच रंगाचा होऊन जाई. प्रयोगशाळेच्या खिडकीतून मी रोज ते पाहत असे आणि मगच पहिला चहा घेत असे.

मावशी कंत्राटी कामगार होत्या. वेल दोरीवर चढवायचे, सुकी पाने खुडायची, सकाळच्या गारव्यात नरफुलाचा पराग मादीफुलाला लावून वर कागदी पिशवी बांधायची, हे त्यांचे काम. त्यांचे हात मोठे होते, बोटांची पेरे जाड, नखांच्या कडा काळपट. पण वेलाचा कोवळा शेंडा वळवताना त्या हातांत असा काही मऊपणा येई, की तान्ह्या बाळाचे जावळ विंचरणाऱ्या बाईचीच आठवण व्हावी. शेंडा वळला की काचेच्या चार बांगड्या एकदा किणकिणत, आणि मग पुढच्या वेलापर्यंत शांतता. त्या आवाजावरून मला कागदातून डोके वर न काढता कळे, की मावशी आता कितव्या ओळीत आहेत.

आमचा उद्योग त्या वेलांच्या आत चालला होता. कारल्यात कडूपणा तयार करणारे एक जनुक आम्ही शोधले होते आणि त्याचा आवाज, घरातला रेडिओ बारीक करावा तसा, बारीक केला होता. कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच, असे आपले पूर्वज सांगून गेले. आम्ही तीन वर्षे त्या म्हणीच्याच मुळावर उठलो होतो. अर्धी माणसे केवळ कडू म्हणून ज्या भाजीला ताटातून बाजूला सारतात, तिची चव बदलता येते, ती बदलण्यात काही पाप नाही आणि शहाणपण पुष्कळ आहे, असे मला तेव्हा वाटत होते. आजही वाटते.

मावशींना ते अजिबात पटले नव्हते. मी एकदा त्यांना कागदावर चित्रे काढून सगळे समजावले. त्यांनी अगदी मन लावून ऐकले, कागदाची घडी करून मला परत दिली आणि म्हणाल्या, "कडू न्हाई तर मग त्याला कारलं कशापायी म्हनायचं, ताई? दुसरं नाव तरी ठिवा." पण वेलांवर मात्र त्यांनी हा राग कधी काढला नाही. वैशाखात शेडनेटच्या आत तव्यासारखे तापले, तेव्हा ओली गोणपाटे बांधून त्यांनी ते वेल जगवले. न पटलेल्या लग्नातल्या सुनेचे बाळंतपण करावे, तसे निमूट आणि निगुतीने.

चव घेण्याची परवानगी हातात आली आणि दिवस ठरला. बाराजण दोन बशांतल्या चकत्या खाऊन सांगणार होते, कोणती कडू आणि कोणती नाही. एका बशीत साधे कारले, दुसरीत आमचे. नेमकी त्या दिवशी चाचणीचे स्वयंपाकघर सांभाळणारी मुलगी तापाने घरी राहिली. मी मावशींना बोलावले आणि कागदावर लिहिलेले वाचून दाखवले: धुवायचे, चकत्या करायच्या, दहा मिनिटे वाफवायच्या. एवढेच. काय करायचे नाही, ते लिहायला हवे हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

संध्याकाळी बाराही कागद माझ्यासमोर होते. दोन्ही बशा सारख्याच, फरक जाणवत नाही, असा जवळजवळ एकमुखी निर्वाळा. मी ते कागद पुन्हा पुन्हा पाहिले. आमच्या विभागप्रमुखांनी फक्त एकदा पाहिले. नापास झालेला वेल ठेवायचा नाही, मुळासकट उपटून भट्टीत जाळायचा, हा आमच्याकडचा नियम. त्यांनी सोमवारची तारीख टाकली आणि सही केली. तीन वर्षांच्या कामावर एवढीशी सही. मी घरी गेले आणि जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी माझ्या टेबलाशी आल्या. हातात दोन स्टीलचे पेले, वर ताटल्या झाकलेल्या. त्यांना साखरेचा आजार होता आणि कारल्याचे पाणी त्यावर उतारा म्हणून त्या घरी पीत, हे मला ठाऊक होते. पण त्या दिवशी जे ऐकले, ते ऐकून मी खुर्चीवरून उठलेच. चकत्या केल्यावर, चाळीस वर्षांच्या सवयीने, त्यांनी त्यांना मीठ चोळले होते, घटकाभर ठेवून दोन्ही मुठींनी करकचून पिळले होते आणि स्वच्छ धुऊन मगच वाफवले होते. न पिळता कारले चुलीवर ठेवणारी बाई त्यांनी जन्मात पाहिलेली नव्हती. साध्या कारल्याचा कडूपणा असा पाण्यात उतरला होता, म्हणूनच दोन्ही बशा सारख्या लागल्या होत्या; पण ते पाणी मोरीत टाकून द्यायचे त्यांच्या जिवावर आले, म्हणून एकाचे एका पेल्यात, दुसऱ्याचे दुसऱ्यात त्यांनी भरून ठेवले होते.

"सकाळी दोनीतला येक येक घोट घ्येतला," त्या म्हणाल्या, "ह्यो कडू जहर. आन् ह्यो, ताई, नुसतं मिठाचं पानी. तुमचं खरं हाय. येल उपटू नगा."

मला हसू आणि रडू एकदमच आले. तीन वर्षांचा पुरावा माझ्या टेबलावर दोन पेल्यांत उभा होता. पण तो पुरावा वर न्यायचा, तर चूक कोणाची हे सांगावे लागणार होते. शिवाय चाचणीतला कणही खोलीबाहेर न्यायचा किंवा त्या बाराजणांखेरीज कोणी तोंडात घालायचा नाही, हा नियम मावशींनी मोडला होता. मी तसे त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "आमच्या मोशीच्या वावरात बिल्डिंगचं काम सुरू झालं तवा मांडवावर कारली लगडली हुती. जेसीबीनं मांडवच उचलला. म्या बांधावर हुबी हुते. पुन्यांदा न्हाई बगायचं मला." आणि पेले उचलून त्या माझ्या पुढे चालू लागल्या.

विभागप्रमुख वाईट माणूस नव्हते, नियमाचे होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: मीठ लावायचे नाही, अशी सूचना बाईंना दिली होती का? प्रश्न मला होता. दाराशी उभ्या मावशींच्या बांगड्या एकदा वाजल्या. मी तोंड उघडण्याआधीच त्या बोलल्या, "व्हय साहेब, ताईंनी बजावून सांगितलं हुतं. म्याच इसरले." त्यांचा आवाज इतका सरळ होता, की खरे बोलणाऱ्याचाही नसेल. त्यानंतरही खरे वाक्य सुरू करायला मला पुष्कळ वेळ होता. मी ते सुरू केले नाही. मी भित्री ठरले, आणि हे मी आज लिहिते आहे, तेव्हाच सांगितले नाही.

चाचणी पुन्हा झाली. बाराच्या बाराजणांनी बशी ओळखली. सोमवारी भट्टी पेटली नाही आणि वेल पिवळ्या फुलांनी भरून गेले. मावशींचे कंत्राट त्या महिन्याअखेर संपले, ते पुढे कोणी वाढवले नाही. नवी मुलगी हुशार आहे, हातमोजे घालून काम करते. तिच्या हाताला कसलाही वास येत नाही. मी अजूनही अधूनमधून कागदातून डोके वर काढते, आणि मग लक्षात येते की आपण बांगड्यांसाठी थांबलो होतो.

यंदा आमच्या कारल्याला केंद्राबाहेर जायची मोकळीक मिळाली. पहिल्या तोड्यातली किलोभर कारली पिशवीत घेऊन मी मोशीला गेले. ज्या जमिनीवरून त्यांचा मांडव उचलला गेला, तिच्यावरच्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर त्यांना जमिनीच्या बदल्यात घर मिळाले आहे. त्यांनी मला बसवले, कारली उलटसुलट करून पाहिली, "बेस हायती," म्हणाल्या, विळी घेऊन भराभर चकत्या केल्या आणि मिठाचा डबा ओढला.

"मावशी, ह्यांना आता पिळायला नको," मी म्हणाले.

"त्ये मला नगं, हाताला सांगा," त्या म्हणाल्या आणि चोळू लागल्या. तेवढ्या वेळात मी ते वाक्य बोलून टाकले, तीन वर्षे उशिरा: "मीठ लावू नका, असं मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

त्यांचे हात थांबले नाहीत. "ठावं हाय की मला," त्या म्हणाल्या. मुठी आवळल्या, बांगड्या वाजल्या, पाण्याची धार पेल्यात पडली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मला अगंतुगं केले आणि पेला पुढे धरला. "पी."

मी प्यायले. त्यात कडूपणाचा लवलेश नव्हता. आमचे काम चोख झाले होते. गॅलरीतून त्यांनी बोट करून दाखवले, तिथे खाली, जिथे पांढऱ्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, तिथे मांडव होता. मांडव गेला, बांध गेला, कारल्यातले कडूही गेले. पण त्या दिवशी न उच्चारलेले ते एवढेसे वाक्य, आज बोलून झाल्यावरसुद्धा, माझ्या जिभेवर होते तितकेच कडू राहिले.